ओळख पटली, पुढे काय?

१९२० च्या दशकात पाश्चर इन्स्टिट्यूटचे गास्तों रामाँ घोड्यांना घटसर्पाचे निष्प्रभ केलेले विष टोचत आणि त्यांच्या रक्तातून प्रतिविष मिळवत. हे काम करताना रामाँ यांना एक गोष्ट जाणवली. ज्या घोड्याला टोचल्या जागी गळू होई, त्याच्या रक्तात प्रतिविष जास्त सापडे. मग त्यांनी ती जागा मुद्दामच सुजवायचे ठरवले. टोचायच्या द्रवात कधी पावाचा चुरा मिसळला, कधी टॅपिओका, म्हणजे ज्या कंदाच्या पिठापासून आपला साबुदाणा होतो ते पीठ. प्रतिविष वाढले. १९२६ मध्ये इंग्लंडमधल्या अलेक्झांडर ग्लेनी यांनी तेच काम तुरटीने करून दाखवले. पुढे ज्यूल्स फ्रॉइंड यांनी मारलेले क्षयाचे जंतू खनिज तेलात कालवले आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठीचे सर्वांत जालीम मिश्रण तयार झाले.

अशा पदार्थांना ॲडज्युव्हंट म्हणतात. लशीच्या मुख्य घटकाला ते हात देतात. पण हात का लागावा? प्राणी तोच, टोचलेले प्रथिनही तेच. शुद्ध प्रथिन टोचले तर शरीर बहुधा ढिम्म राहते आणि त्यात थोडी घाण मिसळली की खडबडून जागे होते. हा प्रश्न पन्नास-साठ वर्षे प्रत्येक प्रयोगशाळेच्या टेबलावर पडून होता आणि कोणी त्याला प्रश्न मानत नव्हते. कारण त्या काळच्या सिद्धांतात त्याला जागाच नव्हती.

तो सिद्धांत आकारांचा होता. पॉल एर्लिख यांनी १८९७ मध्ये मांडले की पेशीच्या अंगावर विशिष्ट घडणीच्या साखळ्या असतात, विष त्यांत अचूक बसते आणि त्याच साखळ्या पुढे प्रतिपिंड म्हणून रक्तात सुटतात. साठ वर्षांनी, १९५७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी या कल्पनेला आजचे रूप दिले. शरीरात असंख्य पेशी आधीपासूनच तयार असतात आणि प्रत्येकीच्या अंगावर एकाच आकाराचा रिसेप्टर असतो. जंतू आला की तो ज्या पेशीच्या रिसेप्टरात नेमका बसेल तीच पेशी वाढते, तिचीच प्रजा होते आणि तीच प्रतिपिंडे सोडते. स्वतःच्या शरीराशी जुळणाऱ्या पेशी वाढीच्या काळातच नष्ट होतात, असे बर्नेट यांचे गृहीतक होते. सिद्धांत इतका सुबक होता की त्यात आणखी काही घालावे असे कोणाला वाटले नाही. आकार जुळला, म्हणजे विषय संपला.

ती पेशी कोणती, हे दरम्यान एका आडवाटेने कळत होते. अमेरिकेत ब्रूस ग्लिक कोंबड्यांच्या गुदद्वाराजवळच्या बर्सा नावाच्या पिशवीचा अभ्यास करत होते. पिशवी काढून टाकलेल्या कोंबड्यांना प्रतिपिंडे करता येत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष १९५६ मध्ये छापला गेला तो कुक्कुटपालनाला वाहिलेल्या नियतकालिकात. वैद्यकातल्या मंडळींनी तो वाचायला काही वर्षे घेतली. आज आपण जिला बी-पेशी म्हणतो तिच्या नावातला बी या बर्सापासून आला. माणसात बर्सा नाही; आपल्या बी-पेशी हाडांच्या मगजात घडतात. एकेका बी-पेशीवर एकाच घडणीचे सुमारे एक लाख रिसेप्टर असतात.

बर्नेट यांच्या चित्राला पहिला मोठा तडा १९७० मध्ये गेला. जंतूशी गाठ पडल्यावर बी-पेशी आपल्या रिसेप्टरच्या जनुकात फेरफार करत राहते, त्यामुळे स्वतःच्याच शरीराशी जुळणारी पेशी आयुष्यात कधीही नव्याने निपजू शकते. मग तिला आवरणार कोण? पीटर ब्रेचर आणि मेल्विन कोन यांनी उत्तर दिले की आकार जुळणे हा फक्त पहिला संकेत. तो एकटाच आला तर पेशी गप्प होते. सोबत दुसरा संकेत आला तरच कामाला लागते. बँकेतला लॉकर ग्राहकाच्या एकट्या किल्लीने उघडत नाही, बँकेचीही किल्ली लागते, तसा हा बंदोबस्त. बँकेची किल्ली टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या जातीच्या पेशीकडे आहे, असे तेव्हा मानले गेले. बी-पेशीला टी-पेशीची मदत लागते हे नुकतेच सिद्ध झाले होते, त्यामुळे हिशेब जुळला.

याच सुमारास स्टॉकहोममध्ये अंतोनियो कुतिन्यो आणि योरान मोलर एक वेगळीच गोष्ट सांगत होते. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणात एलपीएस नावाचा मेद आणि शर्करा यांचा संयुक्त रेणू असतो. उंदराच्या बी-पेशींवर तो भरपूर प्रमाणात टाकला तर टी-पेशी नसतानाही सगळ्याच बी-पेशी वाढू लागतात. कोणाचा रिसेप्टर कोणत्या आकाराचा, याला काही महत्त्व उरत नाही. मग त्यांनी एलपीएसला एक लहान रसायन जोडले आणि मात्रा खूप कमी केली. आता जाग्या झाल्या त्या फक्त त्या रसायनाशी आकार जुळणाऱ्या बी-पेशी. यावरून त्यांनी काढलेला अर्थ धाडसी होता. आकाराचा रिसेप्टर फक्त माल पकडून पेशीशी आणतो. पेशीला पेटवतो तो जिवाणूचा अंश, दुसऱ्याच कुठल्या तरी दाराने.

हे दुसरे दार मात्र कोणाला दाखवता येईना. एलपीएसचा रिसेप्टर सापडत नव्हता. टी-पेशींचा बोलबाला वाढत होता आणि एलपीएसचा परिणाम हा काचेच्या बशीतला चमत्कार म्हणून बाजूला पडला. एक पुरावा मात्र समोरच होता. सी३एच/एचईजे नावाच्या उंदरांच्या जातीवर एलपीएसचा काहीच परिणाम होत नसे आणि त्यांच्या बी-पेशीही त्याला दाद देत नसत. एका जनुकात काहीतरी बिघडले आहे एवढे सत्तरच्या दशकात कळले होते. कोणते जनुक, ते कळायला आणखी वीस वर्षे लागली.

१९८९ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेत येल विद्यापीठाच्या चार्ल्स जेनवे यांनी टेबलावरच्या त्या जुन्या प्रश्नाला हात घातला. ॲडज्युव्हंटशिवाय आपला एकही प्रयोग धड होत नाही आणि आपण त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, हे आपल्या शास्त्राचे मळके गुपित आहे, असे त्यांनी सहकाऱ्यांना सुनावले. त्यांचा तर्क असा होता. लाखो आकार ओळखणारी ही यंत्रणा उत्क्रांतीत उशिरा आली. तिच्याआधी कोट्यवधी वर्षे प्राणी जंतूंशी लढतच होते. तेव्हा जंतूंची काही ठळक, सहसा न बदलणारी लक्षणे ओळखणारे जन्मजात रिसेप्टर असलेच पाहिजेत. ते वाजल्याशिवाय टी-पेशींना आणि पर्यायाने बी-पेशींना कामाची आज्ञा मिळत नसावी. ॲडज्युव्हंटमधली घाण म्हणजे या रिसेप्टरांना ऐकू जाणारी हाक.

जेनवे यांच्याकडे तेव्हा असा एकही रिसेप्टर नव्हता. हा निबंध मॉस्कोत शिकणाऱ्या रुस्लान मेजितोव यांच्या वाचनात आला आणि ते पुढे येलमध्ये जेनवे यांच्याकडे आले. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाने फळमाशीच्या टोल या जनुकाचे बुरशीविरुद्धचे काम दाखवले. हे जनुक तोवर माशीच्या गर्भाची पाठ-पोट ठरवणारे म्हणून ओळखले जाई. १९९७ मध्ये मेजितोव आणि जेनवे यांनी त्याचा मानवी भाऊबंद शोधला. १९९८ मध्ये डॅलसमध्ये ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाने सी३एच/एचईजे उंदरांचे कोडे सोडवले. टीएलआर-४ या टोलसदृश रिसेप्टरच्या जनुकात एका अमिनो आम्लाचा बदल होता. कुतिन्यो आणि मोलर ज्याच्या शोधात होते ते दार हेच. माणसात असे दहा टोलसदृश रिसेप्टर आहेत. काही पेशीच्या पृष्ठभागावर राहून जिवाणूंची आवरणे ओळखतात, काही पेशीच्या आतल्या पिशव्यांत बसून जंतूंचे डीएनए आणि आरएनए ओळखतात. हॉफमन आणि बॉयट्लर यांना २०११ मध्ये नोबेल मिळाले. जेनवे २००३ मध्येच गेले होते.

या विजयात बी-पेशी मात्र मागे राहिली. जंतूची चाहूल लागते डेन्ड्रिटिक नावाच्या पहारेकरी पेशीला, ती सांगते टी-पेशीला आणि टी-पेशी सांगते बी-पेशीला, अशी उतरंड पाठ्यपुस्तकांत बसली. तिच्यात बी-पेशी सर्वांत खालच्या पायरीवर, हुकमाची ताबेदार. वास्तविक तिच्यात स्वतःचे टोलसदृश रिसेप्टर आहेत हे दाखवणारा पुरावा याच काळात येत होता, तोही निव्वळ योगायोगाने. आयोवा विद्यापीठात आर्थर क्रीग डीएनएचे छोटे कृत्रिम तुकडे वापरून काही जनुके बंद पाडण्याचा प्रयत्न करत होते. परिणाम होऊच नये म्हणून घेतलेल्या तुलनेच्या तुकड्यांनीही बी-पेशी वाढू लागल्या. त्या तुकड्यांत सी आणि जी ही अक्षरे सीपीजी नावाच्या एका विशिष्ट पद्धतीने शेजारी येत होती. हा क्रम जिवाणूंच्या डीएनएत मुबलक असतो. आपल्या डीएनएत तो कमी आढळतो आणि बहुधा रासायनिक टोपी घालून झाकलेला असतो. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. २००० मध्ये जपानच्या शिझुओ अकिरा यांच्या गटाने त्याचा रिसेप्टर टीएलआर-९ असल्याचे दाखवले.

टीएलआर-९ पेशीच्या आत बसतो. मग बाहेरचा डीएनए त्याच्यापर्यंत पोचतो कसा? या प्रश्नाच्या उत्तरात या साऱ्या कथेचा गाभा आहे, असे मला वाटते. २००२ मध्ये बॉस्टनच्या ॲन मार्शक-रॉथस्टाइन यांच्या गटाने ते शोधले. बी-पेशीचा आकाराचा रिसेप्टर एखादा कण पकडतो तेव्हा तो कण रिसेप्टरसकट आत ओढला जातो आणि थेट त्या पिशवीत पोचतो जिथे टीएलआर-९ वाट पाहत असतो. कणाला डीएनए चिकटलेला असेल तर आता दोन्ही संकेत एकाच पेशीत, एकाच कणामुळे वाजतात. डेन्ड्रिटिक पेशी परिसराची खबर ठेवते: इथे कुठेतरी जंतू आहे. बी-पेशीचा प्रश्न त्याहून नेमका असतो. मी जो पकडला आहे, त्याच्याच अंगावर जंतूची खूण आहे का?

हा प्रश्न टोलसदृश रिसेप्टरांपुरता नाही. रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने जंतूंवर जाऊन चिकटतात आणि बी-पेशीवर त्यांच्यासाठी वेगळा रिसेप्टर असतो. सत्तरच्या दशकात मार्क पेपीस यांनी नागाच्या विषातल्या एका घटकाने उंदरांच्या रक्तातले कॉम्प्लिमेंट संपवले, तेव्हा प्रतिपिंडांचे प्रमाण घटले होते. १९९६ मध्ये केंब्रिजमधल्या डग्लस फिअरन यांच्या गटाने कोंबडीच्या अंड्यातल्या एका प्रथिनाला कॉम्प्लिमेंटचा सी३डी हा तुकडा जोडला. दोन प्रती जोडल्या तेव्हा त्या प्रथिनाची प्रतिपिंडे जागवण्याची ताकद हजार पटींनी वाढली, तीन जोडल्या तेव्हा दहा हजार पटींनी. जोडला, हे इथे महत्त्वाचे. खूण त्याच कणावर होती. कुतिन्यो आणि मोलर यांनी एलपीएसला रसायन जोडले होते त्याचा अर्थ आता उलगडतो.

पण बँकेच्या लॉकरची उपमा इथे अडखळते, आणि ती अडखळावी हेच बरे. २००५ मध्ये चंद्रशेखर पासारे आणि मेजितोव यांनी दाखवले की उंदराच्या बी-पेशींना स्वतःचे टोलसदृश संकेत मिळाले नाहीत तर काही प्रतिपिंडे पुरेशी बनत नाहीत. पुढच्याच वर्षी डेव्हिड नेमाझी यांच्या गटाने नेमके उलट छापले. टोलसदृश रिसेप्टरांचे सगळे संदेश बंद पाडलेल्या उंदरांना तुरटीसारख्या क्षारासह किंवा फ्रॉइंडच्या मिश्रणासह प्रथिन टोचले, तरी प्रतिपिंडे भरघोस आली. त्या निबंधाच्या लेखकांत खुद्द बॉयट्लर होते. दुसरी किल्ली नसतानाही लॉकर उघडला होता.

यातून वाट काढली ती बाजू न घेता प्रश्न बदलणाऱ्यांनी. २०११ मध्ये अँथनी डीफ्रँको यांच्या गटाने टोलसदृश संदेश एकदा फक्त डेन्ड्रिटिक पेशींत आणि एकदा फक्त बी-पेशींत बंद केले. साधे प्रथिन आणि सुटा डीएनए टोचला तेव्हा डेन्ड्रिटिक पेशींतला संदेश महत्त्वाचा ठरला. विषाणूसारखा कण, ज्याच्या पोटातच न्यूक्लिक आम्ल आहे, तो टोचला तेव्हा बी-पेशीतला. म्हणजे उत्तर टोचलेल्या वस्तूच्या घडणीवर अवलंबून होते. विषाणू ही अशीच वस्तू आहे: वर आकार, आत खूण. बी-पेशीची ही क्षमता विषाणूंशी व्यवहार करतानाच घडली असावी असे मानायला जागा आहे. शिवाय हा संकेत परवानगीपुरता नसतो. प्रतिपिंडे किती, कोणत्या वर्गाची, किती दमदार, हेही तो ठरवतो. उंदरात विषाणूंविरुद्ध उपयोगी पडणाऱ्या एका वर्गाची प्रतिपिंडे बनण्यासाठी बी-पेशीतला टीएलआर-९ निर्णायक ठरतो.

माणसाकडे वळताना आणखी सावध राहावे लागते. उंदराच्या बी-पेशींवर एलपीएसने जे नाट्य घडले ते आपल्यात घडत नाही, कारण मानवी बी-पेशींवर टीएलआर-४ जवळजवळ नसतो. टीएलआर-९ आपल्या कोऱ्या बी-पेशींत कमी आणि एकदा लढून आलेल्या स्मृतिपेशींत भरपूर असतो. आंतोनियो लांझावेक्किया यांच्या गटाने २००२ मध्ये यावरून एक कल्पना मांडली की जंतूंची सर्वसाधारण चाहूलही या स्मृतिपेशींना अधूनमधून जागे ठेवत असेल आणि म्हणून काही प्रतिपिंडे दशकानुदशके रक्तात टिकत असतील. टोलसदृश रिसेप्टरांचा संदेश पेशीत पुढे नेणारे एमवायडी८८ किंवा आयआरएके४ हे प्रथिन जन्मतःच नसलेली मुले आढळतात. त्यांना बालपणी गंभीर जिवाणूसंसर्ग होतात. त्यांच्या बी-पेशी तपासल्यावर एक अनपेक्षित गोष्ट दिसली: स्वतःच्या शरीराशी जुळणाऱ्या बी-पेशी त्यांच्यात नेहमीपेक्षा जास्त उरलेल्या असतात. पेटवणारा संकेत छाटणीच्या कामातही लागतो, हे कोणत्याच सिद्धांताने आधी सांगितले नव्हते.

याच व्यवस्थेची काळी बाजू म्हणजे ल्युपस. आपल्या मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेल्या डीएनए आणि आरएनएच्या गुंतवळ्याशी एखाद्या बी-पेशीचा आकार जुळला, तर ती तो आत ओढते आणि आतल्या पिशवीत त्याला जंतूची खूण समजले जाते. आकारही जुळला, खूणही सापडली. पेशीच्या हिशेबाने काही चुकले नाही आणि तरीही माणूस आजारी पडतो. या आजाराच्या दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया असतात. आरएनए ओळखणाऱ्या टीएलआर-७ चे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि स्त्रियांच्या काही बी-पेशींत त्याच्या दोन्ही प्रती चालू राहतात, हे २०१८ मध्ये दिसून आले. २०२२ मध्ये कॅरोला विनुएसा यांच्या गटाने लहान वयात ल्युपस झालेल्या एका मुलीच्या टीएलआर-७ मधला एकच बदल शोधला. तोच बदल उंदरात घातला तर उंदरांना ल्युपस झाला आणि त्यांच्यातले एमवायडी८८ काढून टाकले तर ते वाचले. गंमत अशी की ल्युपसच्या उंदरांत टीएलआर-७ काढला तर आजार घटतो, पण टीएलआर-९ काढला तर बळावतो. दोन सख्खे शेजारी, पण परिणाम उलटे. याचे समाधानकारक स्पष्टीकरण अजून पूर्ण झालेले नाही. ल्युपसच्या रुग्णांना वर्षानुवर्षे दिले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या आतल्या पिशव्यांतल्या रिसेप्टरांनाच शांत करते. औषध आधी आले, कारण नंतर समजले.

लशींत हे ज्ञान आता उघडपणे उतरले आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या हेप्लिसाव-बी या काविळीच्या लशीत तुरटीच्या कुळातल्या क्षाराऐवजी क्रीग यांच्या शोधातला सीपीजी डीएनए आहे. जुन्या लशीचे तीन डोस सहा महिन्यांत द्यावे लागत, हिचे दोन डोस एका महिन्यात पुरतात. हैदराबादच्या कोर्बेव्हॅक्स या कोविडवरच्या लशीत तोच सीपीजी आहे. मार्च २०२२ मध्ये आपल्याकडच्या १२ ते १४ वर्षांच्या मुलांना ती टोचली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळ्या केलेल्या विषाणूवर आधारलेल्या कोव्हॅक्सिन या दुसऱ्या कोविड लशीत टीएलआर-७ आणि टीएलआर-८ ला जागवणारा रेणू ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेला आहे. याच्या उलट कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये आरएनएमधली एक घटक-कडी बदलून तो या रिसेप्टरांपासून लपवला आणि एमआरएनए लशींचा मार्ग मोकळा झाला. एकीकडे खूण मुद्दाम लावायची, दुसरीकडे ती मुद्दाम पुसायची. दोन्ही प्रकारच्या लशी उपयोगी ठरल्या. म्हणजे संकेत जितका मोठा तितका चांगला, हे समीकरणही खोटे.

या शंभर वर्षांत निर्णयाची जागा सतत बदलत राहिली: आधी आकारात, मग टी-पेशीत, मग डेन्ड्रिटिक पेशीत, शेवटी बी-पेशीच्या स्वतःच्या पोटात. प्रत्येक वेळी नव्या पिढीने जुनी जागा रिकामी समजली आणि प्रत्येक वेळी ती पूर्ण रिकामी नव्हती. माझा निष्कर्ष असा की जन्मजात आणि अर्जित प्रतिकारशक्ती अशी दोन खाती करण्याची सोय आता शिकवण्यापुरतीच ठेवावी. बी-पेशी दोन्ही खात्यांत नोकरी करते. आणि एखादी कृती प्रयोगशाळेत दशकानुदशके चालते पण सिद्धांतात तिला जागा मिळत नाही, तेव्हा संशय कृतीवर घेण्याआधी सिद्धांतावर घ्यावा.